व्हर्च्युअल ड्रम्समधली सिम्बल्स कानाला टोचतात? मिक्सिंग-राउटिंगमधल्या या चुका टाळा

किक दणकट बसली, स्नेअरला धार आली, टॉमही गोल वाजतायत. आणि कोरस आला की क्रॅशचा (ड्रमसेटमधल्या मोठ्या सिम्बलचा) असा काही मारा होतो की गायकाचे शब्दच ऐकू येईनासे होतात. मग मास्टरवर (सगळ्या मिक्सच्या शेवटच्या चॅनलवर) ईक्यू, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन, टाकून वरची फ्रिक्वेन्सी कापली जाते. त्यात सिम्बल्सबरोबर गायकाचा आवाज, गिटार, सगळंच मंदावतं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या मिक्समध्ये हे वारंवार ऐकू येतं. बहुतेक वेळा दोष ईक्यूच्या आधीच कुठेतरी असतो: मिडीत (नोटा आणि फटक्यांच्या जोराच्या नोंदीत), ब्लीडमध्ये (एका वाद्याच्या माइकमध्ये शिरलेल्या दुसऱ्याच्या आवाजात) किंवा राउटिंगमध्ये (आवाज कुठून कुठे पाठवला जातो त्यात). शोधही तिथूनच सुरू करा.

क्रॅशचा फेडर शोधत बसणं

किक आणि स्नेअरला अगदी जवळ लावलेला माइक असतो. क्रॅशला बऱ्याच ड्रम लायब्रऱ्यांत (रेकॉर्ड केलेल्या फटक्यांच्या संग्रहांत) तसा स्वतंत्र माइक नसतोच. तो ऐकू येतो ओव्हरहेड (सेटच्या वर लावलेल्या) आणि रूम (खोलीत लांब ठेवलेल्या) माइकमधून. हाय-हॅट आणि राईडला जवळचा माइक सहसा असतो, पण त्यांचाही मोठा वाटा ओव्हरहेडमध्येच असतो. २०१७ साली आलेलं सुपीरियर ड्रमर ३ हे ड्रम सॉफ्टवेअर घ्या. ध्वनिमुद्रक जॉर्ज मॅसनबर्ग यांनी बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत त्याचे ड्रम्स रेकॉर्ड केले, तेव्हा एकेक फटका जवळच्या, वरच्या आणि लांबच्या माइकवर एकदमच टिपला गेला. म्हणजे ओव्हरहेडचा फेडर हा सिम्बल्सचा फेडर नव्हे. त्यात अख्खा ड्रमसेट आहे. क्रॅश दबला म्हणून तो वर नेलात, तर स्नेअरही वर येणार.

एकच क्रॅश डोईजड होत असेल तर मिक्सरकडे जाऊ नका. ड्रमसेटच्या चित्रात त्या क्रॅशवर क्लिक करा आणि त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम दोन-तीन डीबी कमी करा. तो सगळ्या माइकमध्ये एकसारखा उतरतो, बाकी सेट जागेवर राहतो. सगळीच सिम्बल्स जास्त होत असतील तरच ओव्हरहेड आणि रूमच्या फेडरला हात लावा.

आवाज नक्की कुठून येतोय याची खात्री नसेल, तर एक साधी चाचणी पुरते. एका बारमध्ये फक्त क्रॅशची एक नोट ठेवा (जनरल मिडीत ती ४९), लूप लावा, ड्रम मिक्सरमधले सगळे चॅनल म्यूट करा आणि एकेक उघडत जा. ओव्हरहेड उघडला की क्रॅश येईल, हे अपेक्षितच. पण स्नेअरच्या खालच्या माइकमधूनही तो येतो आणि कॉम्प्रेस केलेल्या (मोठा आवाज दाबून हलका वर आणलेल्या) रूममधून तर दुप्पट जोरात येतो, हे कळलं की अर्धं कोडं सुटतं.

एकच आवाज दोनदा पाठवणं

मल्टी-आउट केलं, म्हणजे माइक डॉमध्ये (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये) वेगवेगळ्या ट्रॅकवर काढले, की ही चूक हमखास होते. ओव्हरहेड स्वतंत्र ट्रॅकवर काढला, पण मुख्य आउटपुटवरचा त्याचा रस्ता बंद केला नाही. मग तोच आवाज दोन वाटांनी मास्टरला पोहोचतो. दोन्हींची वेळ जुळली असेल आणि पातळी सारखी असेल तर तो ६ डीबी वाढतो. एका वाटेवरच्या प्लगइनचा विलंब डॉनं भरून काढला नाही, तर सिम्बल्स पोकळ, फ्लँजर लावल्यासारखी वाजतात. ओळखायचं सोपं आहे: ओव्हरहेडचा ट्रॅक आणि रूमचे ट्रॅक म्यूट करूनही क्रॅश मोठ्यानं ऐकू येत असेल, तर तो मुख्य आउटपुटवरूनही येतोय.

रीपर या डॉमध्ये मल्टी-आउट इन्स्ट्रुमेंट घालताना ट्रॅक आणि राउटिंग तयार करू का, असं विचारलं जातं. हो म्हणा, पण नंतर प्रत्येक ट्रॅकचा रिसीव्ह (आत येणारी जोडणी) उघडून बघा. ३/४ या चॅनल-जोडीवरून आलेला ओव्हरहेड १/२ वर जोडीनं उतरला पाहिजे. फक्त ३ आला तर सिम्बल्स एका कानात अडकतात. लॉजिक या डॉमध्ये इन्स्ट्रुमेंट निवडतानाच मल्टी-आउटपुट प्रकार घ्यावा लागतो. साधा स्टिरिओ घेतला तर मिक्सरमध्ये आउटपुट वाढवायचं अधिकचं बटणच दिसत नाही, आणि लोक सॉफ्टवेअर बिघडलं असं समजून ते पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

आणखी एक बाब सुटते. तयार प्रीसेटमध्ये आतल्या आत बस (अनेक चॅनल एकत्र आणणारी वाट), कॉम्प्रेसर, रिव्हर्ब लावलेले असतात. चॅनल वेगळे बाहेर काढले की ते त्या आतल्या बसमधून जात नाहीत, आणि प्रीसेट ऐकताना गोड वाटलेला तोल बिघडतो. मल्टी-आउट करायचं असेल तर आतली प्रक्रिया बंद करून सगळं डॉमध्येच करा. दोन्हीकडे अर्धं-अर्धं नको.

ब्लीड सरसकट बंद करणं

रॅम वाचते म्हणून ब्लीड बंद करण्याची सवय आहे. तसं केलं की प्रत्येक वाद्य वेगळ्या खोलीत वाजल्यासारखं होतं. पण ब्लीड निवडून काढणं ही या सॉफ्टवेअरची खरी ताकद आहे. खऱ्या स्टुडिओत रूम माइक जोरात कॉम्प्रेस केला की सिम्बल्स उसळून वर येतातच, तिथे इलाज फार थोडा. सुपीरियर ड्रमरमध्ये मात्र कॉम्प्रेस केलेल्या रूममधून फक्त क्रॅश आणि हाय-हॅट कमी करता येतात. किक-स्नेअरची खोली शाबूत राहते. स्नेअरच्या माइकमध्ये शिरलेला हाय-हॅटही असाच कमी करा, पूर्ण काढू नका. स्नेअरला वरची धार दिल्यावर हाय-हॅट कर्कश झाला असेल, तर कारण बहुधा हेच असतं.

सगळे फटके १२७ वर

मला विचाराल तर सर्वांत मोठी चूक ही. १२७ व्हेलॉसिटीला (मिडीतल्या फटक्याच्या सर्वाधिक जोराला) सॉफ्टवेअर सर्वांत जोरात मारलेला सँपल वाजवतं. तो नुसता मोठा नसतो, त्याचा पोतच खरखरीत असतो. नंतर फेडर खाली आणला तरी खरखर तशीच राहते. क्रॅश ९० ते ११० च्या आसपास आणून बघा, सलग येणारे फटके थोडे उणे-अधिक ठेवा. कित्येकदा ईक्यूची गरजच उरत नाही. हाय-हॅटमध्ये ठेक्याचा फटका जोरात आणि मधला हलका ठेवलात तर ताल चालायला लागतो.

ड्रमरला दोनच हात असतात. क्रॅश, राईड आणि हाय-हॅट एकाच क्षणी स्टिकनं वाजत असतील तर एक नोट काढून टाका. क्रॅशच्या क्षणी हाय-हॅटचा फटका गाळला तरी मिक्समध्ये बरीच जागा होते.

पॅड वाजवणाऱ्यांसाठी

हाय-हॅट सतत उघडाच वाजतो, अशी तक्रार असेल तर पेडलचा सीसी ४ (पेडलची स्थिती सांगणारा मिडी संदेश) सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतोय का ते बघा; काही वेळा तो उलटा वाचला जातो आणि पेडल दाबल्यावर हॅट उघडतो. आपल्या इलेक्ट्रॉनिक ड्रम मॉड्यूलचा मॅपिंग प्रीसेट निवडला की बहुतेक वेळा हे सुटतं. क्रॅश हातानं पकडूनही थांबत नसेल तर आफ्टरटच (पॅड पकडल्याचा मिडी संदेश) तपासा. चोक, म्हणजे क्रॅश पकडून थांबवणं, त्यावरच चालतो, आणि डॉमधल्या मिडी फिल्टरनं तो अडवलेला असू शकतो.

ईक्यू आणि कॉम्प्रेसर

एवढं झाल्यावरच ईक्यू. ओव्हरहेडचा खालचा भाग ५००-६०० हर्ट्झपर्यंत कापायची घाई नको. स्नेअर आणि टॉमचं अंग त्यात असतं. टोचणारा भाग सहसा २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सापडतो. तो कायमचा कापण्यापेक्षा डायनॅमिक ईक्यूनं फटक्यापुरता दाबा. ड्रम बसवरच्या कॉम्प्रेसरमुळे प्रत्येक किकबरोबर सिम्बल्स बुडून वर येत असतील तर त्याच्या साइडचेनला (ज्या आवाजावरून तो दाबायचं ठरवतो त्याला) हाय-पास (खालची फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) लावा. ओव्हरहेड माइक सेटपासून मीटरभर वर असतो, म्हणून त्यात आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. लायब्ररीतला हा फरक स्वाभाविक आहे, तो हातानं सरकवून जुळवत बसू नका.

दुसऱ्या लायब्ररीतली सिम्बल्स आणायची असतील तर आधीच्या लायब्ररीतल्या त्याच नोटा म्यूट करा आणि दोन्ही सेट एकाच छोट्या रूम रिव्हर्बमध्ये पाठवा.

मराठी गाण्यात टाळ किंवा झांज असेल तेव्हा हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण हाय-हॅटची वरची जागा त्यांनी आधीच घेतलेली असते. अभंगाच्या फ्युजनमध्ये टाळ मधोमध आणि हाय-हॅटही मधोमध ठेवला तर दोन्ही एकमेकांना खातात. टाळ पुढे ठेवायचा असेल तर हाय-हॅट त्या भागात बंद ठेवून ठेका राईडवर न्या किंवा नुसता पेडलवर धरा. क्रॅश फक्त कडव्याच्या तोंडाशी येऊ द्या. आणि एक्सपोर्ट करताना शेवटच्या नोटेनंतर आठ-दहा सेकंद मोकळे ठेवा, नाहीतर शेवटच्या क्रॅशचं शेपूट मध्येच तुटतं.