ओढ्याकाठचा वर्ग: पर्यावरण शिकवायला निघालेल्यांसाठी

पर्यावरण शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी मुलांना घेऊन जवळच्या ओढ्याची सफाई केली. दोन तासांत पोतीच्या पोती प्लास्टिक निघालं. फोटो झाले, मुलं खूश होती. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तिकडून गेलो, तर काठ होता तसाच झालेला. एका मुलीनं विचारलं, "मग आता परत काढायचं?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: सुरुवात सफाईनं करू नका, मोजणीनं करा.

पुढच्या खेपेला आम्ही कचरा पोत्यात कोंबला नाही. जुन्या चादरीवर पसरून त्याचे ढीग लावले: छोटी पाकिटं, बाटल्या, पिशव्या, काच, चिंध्या. प्रत्येक ढिगाचे नग मोजले आणि वजनही केलं. वजनात काच भारी, नगांत पाकिटं कितीतरी पुढे. मग यातला मोठा प्रश्न कोणता, यावर मुलांमध्ये वाद पेटला. मी मध्ये पडले नाही. त्यानंतर काठाचा नकाशा काढून जे जिथे सापडलं तिथे खूण केली, तेव्हा दिसलं की बहुतेक कचरा तीनच जागी साठतोय. त्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांशी मुलं जाऊन बोलली. कचऱ्याची गाडी यायची त्या वेळेला तिथली बरीच माणसं कामावर गेलेली असायची. "लोक बेपर्वा आहेत" असं मुलांनी आधी वहीत लिहून ठेवलं होतं. ते वाक्य त्यांनीच खोडलं. त्या वर्षात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ती.

माणसांकडे जाताना मुलांनी शिकवायला नाही, विचारायला जायचं, हे आधी पक्कं करून घ्या. "तुम्ही कचरा टाकू नका" असं सांगणाऱ्या पोरांसाठी दार लवकर बंद होतं. "पूर्वी या पाण्यात काय काय दिसायचं?" असं विचारलं की म्हातारी माणसं तासभर बोलतात, आणि कधी कधी सोबत चालायलाही निघतात.

आता पाण्याबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. पाणी कसं आहे हे कळायला महागडं किट लागत नाही. चहाची गाळणी, पांढरा ट्रे आणि भिंग एवढ्यावर भागतं. काठाजवळच्या उथळ पाण्यातला दगड उचलून उलटा करा आणि त्याला काय चिकटलंय ते पाहा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्लं प्रदूषण फारसं सोसत नाहीत. ती भरपूर असली तर सहसा पाणी चांगलं असतं. उलट, गाळात फक्त लाल अळ्या वळवळताना दिसल्या तर पाण्यात ऑक्सिजन कमी असण्याची शक्यता मोठी. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. हे कळलं की मुलं अळीला "शी" म्हणत नाहीत. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा आणि जीव पाण्यात सोडायचे. हा नियम मी स्वतःही कधी मोडत नाही.

तापमान मात्र दर वेळी घ्या. 20 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. काठावरची झाडं तोडली की सावली जाते, पाणी तापतं आणि माशांचा श्वास अडतो, ही साखळी फळ्यावर काढून जितकी समजत नाही तितकी सावलीतल्या आणि उन्हातल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला की समजते.

एकच जागा निवडा आणि तिथे वर्षभर जात राहा, महिन्यातून एकदा का होईना. दहा ठिकाणच्या सहलींपेक्षा एका काठाच्या बारा भेटी जास्त शिकवतात. झाडं लावायची असतील तरी तोच हिशोब: लावण्याआधी पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पाण्याची पाळी कोणाकडे, ते ठरवा. आमची पहिली रोपं सुट्टीत वाळली, कारण हे मी ठरवलं नव्हतं. आता प्रत्येक झाडाचा बुंधा जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर टेपनं मोजून मुलं घेर वहीत लिहितात. ज्याचं झाड तो मोजतो.

कंपोस्टचा खड्डाही करा, पण त्याला वास सुटला म्हणून घाबरून बुजवू नका. वास हाच धडा असतो. कार्बन आणि नायट्रोजनचं वजनी प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावं लागतं. नायट्रोजन देणारं ओलं जास्त झालं आणि कार्बन देणारी सुकी पानं कमी पडली की हवा खेळत नाही आणि ढीग कुजू लागतो. पानं घालून वरखाली करायला लावा आणि आठवड्यानं मुलांनाच वास घेऊ द्या.

सुरक्षिततेत ढिलाई नको. मी आधी एकटी जाऊन जागा पाहून येते. पालकांची लेखी परवानगी, जाड हातमोजे, बंद बूट, प्रथमोपचाराची पेटी आणि परतल्यावर साबणानं हात धुणं यातलं काहीही सुटलं तर त्या दिवशी जाणं रद्द. काच आणि सुया मोठ्यांनीच उचलायच्या. वरच्या बाजूला पाऊस झाला असेल तर पाण्याच्या जवळही जायचं नाही.

1977 साली तिबिलिसीला (आताच्या जॉर्जिया देशाची राजधानी) पर्यावरण शिक्षणावर आंतरसरकारी परिषद झाली. तिनं पाच गोष्टी मांडल्या: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्यातले बरेच जण दुसऱ्या पायरीवर थांबून परीक्षा घेतात. माझ्या मते सहभागाशिवाय पहिल्या चारही कच्च्या राहतात. म्हणून वर्षाच्या शेवटी आमची मुलं आपली आकडेवारी घेऊन स्थानिक प्रशासनाकडे जातात. पहिल्या वर्षी मागणी एकच होती: कचऱ्याच्या गाडीची वेळ बदला. पत्र मुलांनी लिहिलं, सोबत नकाशा जोडला. उत्तर यायला चार महिने लागले, आणि तेवढ्या काळात मोजणी थांबू न देणं हे माझं काम होतं. अखेर गाडी संध्याकाळी येऊ लागली. तीनपैकी दोन जागी कचरा कमी झाला, तिसऱ्या जागी नाही. तिथे कचरा वरून वाहत येतो की कोणी रात्री टाकतं, हे शोधायचं काम आता पुढच्या तुकडीकडे आहे. जुनी वही आम्ही त्यांच्या हाती दिली आहे.