‘हाफ प्लेट’ म्हणजे निम्मी प्लेट नव्हे: जुन्या कॅमेऱ्यांच्या मापांतल्या या चुका टाळा

जुन्या लाकडी कॅमेऱ्यांचं वेड हल्ली पुन्हा वाढलंय. आनंदच आहे. पण दर नव्या माणसाबरोबर त्याच चुका परत येतात आणि तीच उत्तरं देऊन मी कंटाळलोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी मापं. प्लेट म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसणारी, प्रकाश टिपणारा थर दिलेली काच किंवा पत्रा. फुल प्लेट (इंग्रजी जाहिरातींत हिलाच ‘होल प्लेट’ म्हणतात) ६.५ × ८.५ इंच. हाफ प्लेट ४.७५ × ६.५. क्वार्टर प्लेट ३.२५ × ४.२५. फुल प्लेटचं माप थेट फ्रान्सच्या दागेरपासून, फोटोग्राफीच्या एका आद्य जनकापासून, चालत आलंय. १८३९ साली त्याने आपली पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेला त्याचा तांब्याचा पत्रा याच मापाचा होता. पुढे पत्र्याच्या जागी काच आली. १८५१ मध्ये आर्चरची ओली कोलोडियन प्लेट (थर ओला असतानाच फोटो घ्यायची काच), १८७१ मध्ये मॅडॉक्सची जिलेटिनची कोरडी प्लेट. रसायनं बदलत गेली, इंच तेच राहिले.

पहिली चूक: नाव बघून भागाकार करणं

क्वार्टर प्लेट फुल प्लेटचा अगदी बरोबर चौथा हिस्सा आहे. दोन्ही बाजू निम्म्या करा, माप जुळतं. इथेच लोक फसतात. मग हाफ प्लेट म्हणजे साडेआठाचे निम्मे सव्वाचार, म्हणजे सव्वाचार बाय साडेसहा, असा हिशोब होतो. कागदावर बिनचूक, कॅमेऱ्यात चूक. खरी हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा आहे, म्हणजे एका बाजूला तब्बल अर्धा इंच जास्त.

पुण्यातल्या एका हुशार पोराने चोर बाजारातून हाफ प्लेट कॅमेरा आणला. ओल्या कोलोडियनचा नाद लागला होता. काचवाल्याकडून डझनभर काचा कापून आणल्या, सव्वाचार बाय साडेसहाच्या. होल्डरात, म्हणजे कॅमेऱ्यामागे प्लेट धरणाऱ्या बंद चौकटीत, त्या खुळखुळायला लागल्या, तर पठ्ठ्याने कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली. सिल्व्हर नायट्रेटने ओली झालेली काच आणि पुठ्ठा! पट्टी भिजून मऊ पडली, होल्डरचं सरकतं झाकण, म्हणजे स्लाइड, वर ओढताच प्लेट खोबणीतून निसटली आणि सरळ बेलोजमध्ये, कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्यात, जाऊन पडली. बेलोजच्या घड्यांत काळे डाग, बोटं आठवडाभर काळी. मला फोन करून म्हणतो, “काका, होल्डर खराब निघाला.” होल्डर शंभर वर्षं बरा होता. माप विचारायला दोन मिनिटं लागली असती, पण हल्ली विचारण्यापेक्षा चिकटवणं सोपं वाटतं.

माझी सवय सांगतो. मी काचवाल्याला आकडा सांगतच नाही, होल्डरच त्याच्यापुढे ठेवतो. खोबणीच्या आतलं माप स्टीलच्या पट्टीने घ्यायचं, काच दोन्ही बाजूंनी एक मिलिमीटर कमी कापायची आणि पहिली काच दुकानातच बसवून बघायची. बाकीच्या त्यानंतर. काचवाला कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

दुसरी चूक: फोटो मोजून प्लेट ठरवणं

गंमत म्हणजे भागाकारातून आलेलं ते चुकीचं माप, सव्वाचार बाय साडेसहा, खरोखरच अस्तित्वात आहे. ते कॅबिनेट कार्डाच्या पुठ्ठ्याचं माप. १८६६च्या सुमारास रूढ झालेला हा जाड पुठ्ठा, त्यावर त्याहून जरा लहान प्रिंट चिकटवलेली असे. एका खाजगी संग्रहाची नोंदवही मी पाहिली आहे. तिच्यात कोणीतरी पट्टी लावून सगळी कॅबिनेट कार्डं ‘हाफ प्लेट’ म्हणून चढवली होती. पुढच्या माणसाने वही वाचून तेवढ्या काचेच्या निगेटिव्ह शोधत कपाटं उपसली. पुठ्ठा मोजला, प्लेट नाही, एवढंच कोणाच्या लक्षात आलं नाही.

कार्त द व्हिजितचं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचं, तर आणखी उलटं. दिस्देरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या पद्धतीत एकाच मोठ्या प्लेटवर अनेक पोर्ट्रेटं घेत आणि मग कापत. इवलासा फोटो, प्लेट मात्र मोठी.

आपल्याकडे यात भर म्हणजे स्टुडिओंनी हीच नावं कागदालाही लावली. भिंतीवरचा आजोबांचा ‘फुल प्लेट’ फोटो म्हणजे साडेसहा बाय साडेआठच्या कागदावरची प्रिंट. निगेटिव्ह फुल प्लेट असेल, हाफ असेल, किंवा एन्लार्जरखाली मोठी केलेली छोटी फिल्मही असेल. म्हणून नोंद करताना मी तीन रकाने ठेवतो: प्रतिमेचं माप, पुठ्ठ्याचं माप आणि निगेटिव्ह हाती असेल तरच प्लेटचं माप. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. राहू द्यावा. अंदाजाने भरणाऱ्यांचा मला राग आहे.

बाकीच्या, थोडक्यात

अमेरिकन दागेरोटाइपची (दागेरच्या पद्धतीच्या पत्र्यावरच्या फोटोची) हाफ प्लेट ४.२५ × ५.५ इंच असते. परदेशी लिलावाची माहिती वाचताना हे लक्षात ठेवा.

५ × ७ ची फिल्म हाफ प्लेटच्या होल्डरात जात नाही, दाबून तर नाहीच. इलफर्ड ही फिल्म बनवणारी कंपनी वर्षातून एकदा अशा जुन्या मापांच्या फिल्मची ऑर्डर घेते, तोवर थांबा. धीर नसेल तर अंधारात ५ × ७ची शीट कापा.

काचेच्या प्लेटसाठी बनवलेल्या होल्डरात नुसती फिल्म घातली तर ती मधे फुगते आणि फोकस जातो. पत्र्याची चौकट मिळते, ती वापरा. चिकटपट्टी नको.

हाफ प्लेटचा कर्ण सुमारे २०४ मिमी, फुल प्लेटचा २७२; लेन्सचं प्रकाशवर्तुळ निदान तेवढं मोठं लागतं. हाफ प्लेटची लेन्स फुल प्लेट कॅमेऱ्यावर चढवून कोपरे काळे आले की लेन्सला शिव्या देऊ नका.

मापावरून फोटोचं साल ठरवू नका. फुल प्लेट १८३९ पासून विसाव्या शतकातल्या स्टुडिओंपर्यंत चालली.

आणि सेंटिमीटरमध्ये लिहायचंच असेल तर फुल प्लेट १६.५ × २१.६ अशी लिहा. ‘जवळपास १८ × २४’ असं लिहिणारे आहेत. ते युरोपातलं वेगळंच माप आहे आणि त्याचा होल्डरही वेगळा.