जुनी लक्झरी गाडी ठेवायची की काढायची? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, सकाळी पार्किंगमध्ये गेलो तर आमची 11 वर्षांची जर्मन सेडान पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली. टायरचा वरचा भाग मडगार्डच्या आत गेलेला. गाडी सुरू केली की तिला हवेने उचलून धरणारा कंप्रेसर घुं करून चालू व्हायचा, मिनिटभरात गाडी वर यायची आणि रात्रीतून परत बसायची. असे तीन आठवडे मी काढले. चौथ्या आठवड्यात कंप्रेसर जळाला, वर्कशॉपने 3 लाख 40 हजारांचं एस्टिमेट दिलं आणि काउंटरवर उभ्या उभ्या मी ठरवून टाकलं, गाडी विकायची.

अशा घाईत बहुतेकांचं नुकसान होतं. बंद पडलेली गाडी विकायला गेलात की घेणारा दुरुस्तीचा खर्च फुगवून कापतो, शिवाय तुमची अडचण ओळखून आणखी कापतो. विकायचीच असेल तर चालती करून विका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते एस्टिमेट आधी नीट वाचा.

मी ते घेऊन ओळखीच्या फिटरकडे गेलो. त्याने साबणाचं पाणी बाटलीत भरून एअर सस्पेन्शनच्या फुग्यावर (स्प्रिंगच्या जागी असलेली हवेची रबरी पिशवी) मारलं. रबराच्या घडीत बारीक बुडबुडे यायला लागले. "काका, कंप्रेसर मेलाय खरा, पण त्याला या फुग्याने मारलंय. तीन आठवडे बिचारा गळकी बादली भरत बसला." मग त्याने एस्टिमेटवर पेनाने खुणा केल्या. फुगा, कंप्रेसर आणि त्याचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) आत्ता करायचे. लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडातले रबर) दोन महिन्यांत. इंजिन माउंटिंग आणि बाकीचे तीन फुगे, जे गळतच नव्हते, ते राहू द्यायचे. बिल झालं 96 हजार. रिले सोबत बदलायचाच, कारण जुना चिकटला तर नवा कंप्रेसरही अखंड चालून जळतो.

एस्टिमेट नेहमी असं फोडून घ्या: कशाने जीव धोक्यात येतो, काय टाळलं तर दुसरा महाग पार्ट जातो आणि काय सहा महिने थांबू शकतं. ब्रेक, टायर, स्टिअरिंग पहिल्या गटात. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) गळती दुसऱ्या गटात, आणि ती कधीही हलक्यात घेऊ नका. या गाड्यांमध्ये थर्मोस्टॅटचं हाउसिंग, कूलंटची टाकी बऱ्याचदा प्लॅस्टिकची असते. उष्णतेने ती ठिसूळ होऊन तडकते, इंजिन तापतं आणि काही हजारांचं काम इंजिनचं हेड उतरवण्यापर्यंत जातं.

गाडीच्या किमतीशी बिलाची तुलना

"गाडीच सात लाखांची, तिच्यात एक लाख कशाला घालायचे?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो चुकीचा आहे. तुलना पुढच्या दोन वर्षांच्या खर्चाशी करा. 70 लाखांची नवी पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली तर महाराष्ट्रात 13 टक्के रोड टॅक्सच 9 लाख 10 हजार होतो. डिझेलला 15 टक्के. हा पैसा विकताना परत येत नाही. वर इन्शुरन्स, व्याज आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत पडणारी किंमत. त्यापुढे जुन्या गाडीला वर्षाला दीड-दोन लाख लागले तरी ती स्वस्त पडते.

पण उलटी चूकही तितकीच वाईट. "आत्ताच तर दोन लाख घातलेत" म्हणून पुढचे दोन लाख घालायचे नसतात. गेलेले पैसे गेले. गिअरबॉक्स झटके देतोय, खालून गंज धरलाय, गाडी एकदा पाण्यात बुडालेली आहे, यातल्या दोन गोष्टी एकत्र असतील तर मन घट्ट करून काढा. रीसेलचा अंदाज मात्र ताजा घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के झाला, आधी सेस धरून तो 50 टक्क्यांपर्यंत जायचा. त्याआधी कुणी सांगितलेला भाव आता धरू नका.

सगळे दिवे एकदम लागले म्हणजे गाडी संपली असं नाही

एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, गिअरबॉक्स असे चार इशारे एकाच सकाळी आले तर आधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज 12.2 च्या खाली असेल तर निम्मे इशारे खोटे असू शकतात. "इलेक्ट्रिकलची कटकट" म्हणून चांगल्या गाड्या मातीमोल विकल्या गेल्याचं मी पाहिलंय, याचं खरंच वाईट वाटतं. बॅटरी मूळ प्रकारचीच घाला. एजीएम (ॲसिड काचेच्या जाळीत शोषून ठेवणारी) असेल तर एजीएमच, आणि बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने तिची नोंद करावी लागते.

गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे, हेही ऐकून सोडून देऊ नका. अनेक जर्मन गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

इन्शुरन्स आणि आरटीओ

प्रीमियम वाचवायला आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणू नका. पाच वर्षांनंतर आयडीव्ही तुमच्या आणि कंपनीच्या सहमतीने ठरतो, म्हणजे बोलायला जागा आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली, धरतात. आयडीव्ही 6 लाख ठेवलात तर ही रेषा साडेचार लाखांवर येते. अशा गाडीचे दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर आणि एअरबॅग गेल्या की तिथवर पोचायला वेळ लागत नाही. झिरो डेप (पार्टची झीज न कापता पैसे देणारं कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांचा निम्मा खर्च तुमचा. गाडी विकलीत तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा.

15 वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. 2022 पासून नूतनीकरणाची फी 5 हजार आहे, बाहेरून आयात केलेल्या गाडीला 40 हजार. 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती दुप्पट झाली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आयात गाडीच्या पार्टलाही थांबावं लागतं, म्हणून तुमची गाडी इथे जोडलेली आहे की आलेली, हे आधीच माहीत करून घ्या.

आमच्या गाडीला 15 व्हायला अजून दोन वर्षं आहेत. सौ.ने आणि मी वर्षाच्या खर्चाची मर्यादा आत्ताच ठरवून डायरीत लिहिली आहे, सव्वादोन लाख. महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री गाडी लावल्यावर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजतो, रविवारी सकाळी परत मोजतो. मागच्या महिन्यात मागचं उजवं 8 मिलिमीटरने उतरलं होतं. साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे दिसले, त्याच आठवड्यात फुगा बदलला. कंप्रेसर ठणठणीत आहे.