जुन्या कॉम्प्युटरवर हार्ड डिस्क मंद झालीय? आधी दोष केबलचा की डिस्कचा ते ठरवा

कॉपी रांगायला लागली की बहुतेक जण डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) लावतात, नाहीतर सरळ फॉरमॅट मारतात. दोन्हींत घाई आहे. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर डीफ्रॅगमुळे तिच्यावर तासन्‌तास लिहिण्या-वाचण्याचा ताण पडतो. दोष केबलचा असेल तर फॉरमॅट करूनही वेग तोच राहतो, वर डेटा गेलेला असतो.

म्हणून आधी मोजा. एचडी ट्यूनची २.५५ ही फुकट आवृत्ती विंडोज एक्सपीवरही चालते. अँटिव्हायरस आणि बाकीचे प्रोग्रॅम बंद करून त्यातली बेंचमार्क चाचणी लावा. ती फक्त वाचते, काही लिहीत नाही. हजारो लहान फोटो कॉपी करून वेग ठरवू नका. तिथे वेळ डिस्कचे हेड इकडून तिकडे हलण्यातच जातो, आणि ते चांगल्या डिस्कवरही तसेच होते.

आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त सांगतो. निरोगी डिस्कची रेघ डावीकडे उंच सुरू होते आणि हळूहळू उतरत शेवटी साधारण निम्म्यावर येते, कारण तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो. २००४-०५ च्या आयडीई (रुंद रिबन केबलने जोडायच्या) डिस्कला सुरुवातीला सेकंदाला ५०-६० एमबी मिळाले तर तक्रार करू नका. रेघ खालच्या पातळीवर अगदी सपाट असेल तर डिस्क द्यायला तयार आहे, वाट अडली आहे. रेघेत मध्येच खोल खड्डे पडत असतील तर डिस्कला काही सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) वाचायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागत आहेत.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या, नोंदी बघा. कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात. फंक्शन मेनूतल्या अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमानात आणा. तीन ओळी महत्त्वाच्या:

०५ – बदली दिलेले सेक्टर.
सी५ – वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर.
सी७ – केबलवरून जाताना बिघडलेला डेटा, म्हणजे सीआरसी एरर.

(सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर अवाढव्य आकडे दिसतात. ते तसेच असतात, घाबरू नका.)

सी५ शून्याच्या वर असेल तर वेग विसरा आणि डेटा बाहेर काढा. सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) आर पर्यायासह लावायचा मोह टाळा. ते अख्खी डिस्क सेक्टरगणिक घासते आणि अर्धमेली डिस्क त्यातच बसते. विंडोजमध्ये कॉपी अडकत असेल तर लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालणारे लिनक्स) जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अवघड जागांकडे नंतर वळते.

सी५ शून्य आणि सी७ वाढलेला, असे असेल तर खर्च थोडक्यात आटोपतो. हा आकडा कधीच मागे येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो शून्य होण्याची वाट बघू नका. आजचा आकडा लिहून ठेवा, केबल बदला, २०-३० जीबी कॉपी करा, पुन्हा बघा. तिथेच थांबला तर काम झाले. वाढतच राहिला तर मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून बघा, मग एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तपासा: मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, तेही कॉपी चालू असताना.

एक्सपी आणि आयडीई डिस्क असेल तर सपाट रेघेचे नेहमीचे कारण म्हणजे पीआयओ मोड. एका डिस्कवर टाइमआउट किंवा सीआरसीच्या मिळून सहा चुका झाल्या की एक्सपी तिचा डीएमए मोड (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याची पद्धत) एकेक पायरी उतरवते आणि चुका चालूच राहिल्या तर पीआयओवर आणून ठेवते. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरला हलवावा लागतो. कॉपी करताना प्रोसेसर शंभर टक्क्यांकडे आणि माउस अडखळतो, ही त्याची खूण. चुका नंतर थांबल्या तरी मोड आपोआप वर येत नाही.

१. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरखाली प्रायमरी आयडीई चॅनल उघडा आणि अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट ट्रान्सफर मोड वाचा. चांगल्या डिस्कला तिथे अल्ट्रा डीएमए मोड ५ दिसायला हवा.
२. पीआयओ दिसला तर मशीन बंद करून आधी रिबन केबल बदला. ही पायरी गाळली तर काही दिवसांत पुन्हा तिथेच याल.
३. मशीन चालू करून तेच चॅनल अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज ते नव्याने ओळखते, जुन्या चुकांची नोंद पुसली जाते. कधी कधी दुसऱ्यांदा रीस्टार्ट मागते.

अल्ट्रा डीएमए मोड २ वरच अडकले असेल तर केबल ४० तारांची आहे का बघा. पिना दोन्हींना ४०च असतात, पण ८० तारांच्या केबलवरच्या रेघा बारीक आणि दाट असतात. ६६ एमबी किंवा त्यापुढच्या वेगाला तीच लागते. निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला (पहिल्या डिस्कला), मधले करडे स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला). लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. केबल बरोबर असूनही मोड २ च राहिला तर चिपसेटचा ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असू शकतो. आणि एकाच केबलवरच्या दोन डिस्कमध्ये कॉपी करत असाल तर वेग निम्मा होणारच, कारण त्या केबलवर एका वेळी एकच डिस्क बोलते.

साटावर (आयडीईनंतर आलेल्या बारीक केबलच्या जोडणीवर) क्रिस्टलडिस्कइन्फोने १५० हा वेग दाखवला म्हणून नवे कार्ड विकत आणू नका. जुन्या काळची फिरती डिस्क सेकंदाला १५० एमबीपर्यंत पोचतच नाही. बायोसमध्ये साटाचा मोड आयडीईवरून एएचसीआयवर नेणेही टाळा. ड्रायव्हर आधी टाकला नसेल तर विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबते, आणि मोठ्या फाइलींच्या कॉपीत फरक फारसा पडत नाही.

बाहेरची डिस्क सेकंदाला ३० एमबीच्या आसपास सपाट चालत असेल तर तो यूएसबी २.० चा स्वभाव आहे. फक्त १ एमबी मिळत असेल तर पोर्ट यूएसबी १.१ वर चालला आहे. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ च्या आधी यूएसबी २.० चा ड्रायव्हरच नव्हता.

राहिली नवी डिस्क, जी वाचताना झकास आणि लिहिताना रडते. २०११ नंतरच्या बहुतेक डिस्क आत ४,०९६ बाइटचे सेक्टर वापरतात. एक्सपी मात्र पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे ३२,२५६ बाइटवर सुरू करते. त्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. मग लहानशा लिखाणासाठीही डिस्कला आधी अख्खा सेक्टर वाचून, बदलून, परत लिहावा लागतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कखाली पार्टिशनचा स्टार्टिंग ऑफसेट बघा. विंडोज ७ वर बनवलेले पार्टिशन १०,४८,५७६ वर सुरू होते, ते बरोबर. चुकीचे असेल तर डेटा काढून घ्या आणि जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये एमआयबी अलाइनमेंट निवडून पार्टिशन नव्याने पाडा. जुन्या डिस्कचा सेक्टरशः क्लोन नव्या डिस्कवर टाकला असेल तर ही चूकही क्लोनबरोबर आलेली असते.