जर्मन वाक्यात क्रियाविशेषण कुठे ठेवावे?

पणजीत राहणारा मराठी माणूस ‘मी उद्या बसने मडगावला जाईन’ असे सहज म्हणतो, आणि काळ, रीत, स्थळ हाच क्रम जर्मनलाही सर्वसाधारणपणे मानवतो: ‘इश फारं मॉर्गन मिट डेम बुस नाख मडगाव’. कारण सांगायचे असल्यास ते काळ आणि रीत यांच्यामध्ये येते.

खरी अडचण क्रियापदाची आहे. मराठीत ते बहुधा शेवटी विसावते, तर जर्मन विधानवाक्यात कर्त्यानुसार बदलणारे क्रियापद दुसरे स्थान सोडत नाही. म्हणून ‘मॉर्गन’ (उद्या) आरंभी आणले, की कर्ता ‘इश’ (मी) क्रियापदानंतर जातो: ‘मॉर्गन फारं इश नाख मडगाव’. ‘उद्या मी’ ही रचना आपल्या कानाला इतकी स्वाभाविक वाटते, की ‘मॉर्गन इश फारं’ ही चूक आपल्याकडून वारंवार होते. म्हणून ‘मॉर्गन फारं इश’ हीच रचना मोठ्याने म्हणून पक्की करावी. दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे. ‘मिट डेम बुस’ (बसने) हे तीन शब्द मिळून एकच स्थान व्यापतात.

नकारार्थी ‘निश्त’ काळानंतर, पण गंतव्य स्थळाच्या आधी ठेवावे: ‘इश फारं हॉइटं निश्त नाख मडगाव’, म्हणजे ‘मी आज मडगावला जात नाही’.