काळं तिखट खवट झालंय, आमटी कडवट लागतेय? या चुका टाळा

उन्हाळ्यात वर्षाचं काळं तिखट कुटून आणायचं आणि श्रावण येईपर्यंत त्याला वास मारायला लागायचा, ही तक्रार सोलापुरात नवी नाही. खापर फुटतं ते दगडफुलावर, नाहीतर दुकानदारावर. पण लवंग-दालचिनी खवट होत नाही. खवट होतं ते खोबरं. खोबरं, तीळ, खसखस हे तेलाचे जिन्नस. कुटले की तेल सुटतं, त्याला हवा लागते आणि आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हात ते भराभर बिघडतं. म्हणून वर्षाच्या तिखटात हे तीन जिन्नस घालूच नका. महिन्यापुरतं तिखट काढून घ्यायचं आणि तेवढ्यातच ते भाजून, कुटून मिसळायचे. सगळं एकदम घालायचाच हट्ट असेल तर बरणी फ्रीजमध्ये ठेवा.

दुसरी चूक भाजताना होते. सगळे जिन्नस एकाच कढईत एकदम टाकले की धणे कच्चे राहतात आणि जिरं काळं पडतं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. मेथीदाणे तांबूस झाले की लगेच काढा, पुढे गेले तर कडू. खसखस सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून तापल्या कढईत. दगडफुलाला मात्र जास्त वेळ द्या. ते झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढतं, त्यामुळे त्यात सालीचे तुकडे, काड्या, माती हमखास असते. आधी निवडा, चाळा, मग थोड्याशा तेलात मंद आचेवर परता. वास सुटला की थांबायचं. ते जळलं तर सगळा मसाला कडवट होतो. भाजलेलं सारं लगेच परातीत पसरा, कारण गरम कढईत ते भाजतच राहतं. कांडपावरून आलेलं तिखटही गरमच असतं. तसंच बरणीत कोंबलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात.

दालचिनीचा फार बाऊ करू नका. जाड, कडक साल तिखटाला चालते; पातळ पदरांची महागडी गोडाधोडाला ठेवा.

आता फोडणी. मसाल्यांचा वास पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, म्हणून उकळत्या आमटीत वरून भुरभुरलेलं काळं तिखट कच्चंच लागतं. पण तेलातून धूर निघताना टाकलं तर जळतं. कांदा परतून झाला की आच कमी करा, तिखट घाला, दोन-चारदा हलवा आणि गरम पाणी ओता. वेलचीची पूड मात्र उतरवताना. फार उकळली की तिचा वास उडतो.

बिघडलंच तर? जळकी फोडणी गुळाने झाकत बसू नका, फेकून द्या, दोन पळ्या तेलच जाईल. लवंग जास्त होऊन जीभ बधिर होत असेल तर शेंगांचा कूट आणि पाणी वाढवा. कच्चा वास येत असेल तर तेलाचा तवंग वर येईपर्यंत मंद उकळा. जुन्या तिखटाचा वास नुसताच उतरला असेल तर ते पुन्हा भाजू नका, उरलासुरलाही जाईल. चमचाभर ताजे धणे-जिरे भाजून, कुटून त्यात घाला. खवट झालं असेल तर त्याला इलाज नाही.

आणि मसाल्याची बरणी गॅसशेजारच्या फळीवरून आजच हलवा.