खोडवा ठेवण्याआधी विहिरीत डोकावा

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, हे दिवस ऊसवाल्यांसाठी दोन निर्णयांचे. तुटलेल्या उसाचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवायचा की मोडायचा, आणि सुरू लागण, म्हणजे या दिवसांतली नवी लागवड, करायची का? हल्ली यात पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉलही येऊन बसलं आहे. ‘गाड्या आता उसावर चालणार, लावा ऊस’ असं पारावर सर्रास ऐकू येतं.

मागणी खोटी नाही. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. पण ७ डिसेंबर २०२३ आठवा. गाळप सुरू असताना केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि आठवडाभराने मर्यादा घालून ती सैल केली. साखर कमी पडेल ही धास्ती होती. कारखान्यांचे आराखडे एका दिवसात कोलमडले. आपल्या हाती आधी येते ती एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, आणि ती टनावर व उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, ठरते. तेव्हा इथेनॉलच्या भरवशावर एक गुंठाही ऊस वाढवू नका.

आता पाण्याचा हिशेब करू. सुरू उसाला पाटपाण्यावर सुमारे २५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी एक कोटी लिटर. एकरी ४० टन ऊस धरला आणि टनाला ७० लिटर इथेनॉल धरलं, तर २,८०० लिटर निघतं. एका लिटरमागे साडेतीन हजार लिटर पाणी! उसाची आसवनी, म्हणजे इथेनॉल गाळणारा कारखाना, बहुतांशी उसाच्या चिपाडावर चालते, कोळसा फारसा लागत नाही, ही या इंधनाची खरी जमेची बाजू. पण विहिरीचा तळ दिसत असेल तर त्या जमेला काय अर्थ? मे महिन्यात तुमच्या विहिरीला किती तास मोटर चालते ते गेल्या दोन-तीन वर्षांवरून आठवा आणि तेवढंच क्षेत्र ठेवा. ठिबक असेल तर पाणी निम्म्याच्या आसपास येतं. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नका, त्याला उन्हाचा मार बसतो.

खोडवा ठेवलात तर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवू नका. काडी ओढायला दोन मिनिटं लागतात, पण त्यात ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब आणि जवळपास एक टक्का पालाश (पोटॅश) असतं, त्यातला कर्ब धुरात जातो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत दाबा, बुडखे मोकळे करा आणि जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा. पाचटाच्या टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. आच्छादनामुळे ओल टिकते, पाण्याची एखाद-दुसरी पाळी उशिरा दिली तरी चालते आणि तणही दबून राहतं. पहिल्या महिन्यात शेत ओंगळ दिसतं, शेजारी हसतात. हसू द्या.

खत सरीत नुसतं पसरून टाकू नका. ओल्या सरीत पसरलेल्या युरियाचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा. ‘हिरवं इंधन’ इथेच काळं पडतं, शिवाय पैसेही उडतात. पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, तेवढंच खोल आणि फुटाफुटावर भोक पाडून खत द्या. अर्धी मात्रा तुटल्यापासून पंधरा दिवसांत, उरलेली १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूने. पालाशासाठी मळीपासून केलेलं १४.५ टक्क्यांचं दाणेदार खत मिळालं तर घ्या. पण आसवनीचं कच्चं सांडपाणी फुकट मिळतंय म्हणून सरीत सोडू नका. त्याच्या क्षारांनी जमीन बिघडते आणि विहीरही.

पाणी अपुरं असेल तर खोडवा मोडा, उन्हाळी मूग घ्या आणि जूनमध्ये मका पेरा. टनभर मक्यातून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, आणि खरिपाचा मका बहुतांशी पावसावर येतो. धान्याच्या आसवन्या बऱ्याचदा कोळशावर चालतात, ही त्यातली खोट. मक्यावर लष्करी अळी ठरलेलीच. उगवणीपासून आठवड्यातून दोनदा पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, बघा. आणि मका १४ टक्के ओलाव्याच्या वर असताना विकायला नेऊ नका, भावात कपात होते.